काही घडत नसताना

कुस्तीचं निवेदन करायचं म्हणजे डावांची नावं पाठ हवीत आणि आवाज खणखणीत हवा, अशी माझी समजूत होती. नावं पाठ करणं मला जमतं. आवाजाचं म्हणाल तर कॉलेजात शेवटच्या बाकापर्यंत रोज पोचतो. मी मूळची दादरची. लग्न होऊन बारामतीत आले, इथंच वाणिज्य शिकवते, आणि स्नेहसंमेलन असो की निरोप समारंभ, सूत्रसंचालन आपसूक माझ्या गळ्यात पडतं. तेवढ्या भांडवलावर इंदापूर तालुक्यातल्या एका यात्रा कमिटीनं मला कुस्त्यांच्या मैदानात माइकवर बोलावलं. गावाचं नाव घालत नाही. नीरेच्या काठचं आहे, चारी बाजूंनी ऊस आहे, एवढं पुरे.

बोलावण्याचं कारण माझी एक विद्यार्थिनी. ती त्या गावची, शाळेपासून कुस्ती खेळणारी, आणि तिचे वडील कमिटीत. 2023 साली सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली, तेव्हापासून आपल्याही मैदानात मुलींच्या जोडी लावायच्या असं कमिटीतल्या तरुण पोरांनी घेतलं होतं. यंदा लागल्या. मग मुलींच्या कुस्तीला माइकवर बाई पाहिजे, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. मी म्हटलं, मला कुस्तीतलं काही कळत नाही. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, बापू हायती की बाजूला. तुम्ही निस्तं बसा."

निस्तं बसायचं तरी तयारी नको? मी यूट्यूबवर निवेदनं ऐकायला बसले. कोथळीच्या शंकर पुजारींचा आवाज सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्याही कुस्तीशौकिनाला झोपेतही ओळखू येईल; मला मात्र त्यातलं पहिल्यांदा ऐकताना काहीही उमगलं नाही. एकेरी पट काढला, कब्जा घेतला, घिस्सा मारायचा प्रयत्न, त्यातून सुटका, समोरासमोर. हे सगळं एका दमात. शिवाय मध्येच वस्तादांची नावं, मध्येच कुणाची तरी पाचशे रुपयांची देणगी, मध्येच "पाठीमागच्यांनी खाली बसून घ्या". मी जाडजूड वही काढली. एका बाजूला डावांची यादी लिहिली: ढाक, कलाजंग, धोबीपछाड, मोळी, हप्ता, सवारी, एकलंगी, आतली टांग, बाहेरची टांग. दुसऱ्या बाजूला लाल माती, बलोपासना, शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान, खाशाबा जाधवांचं 1952 चं हेलसिंकीचं पदक, असं सुविचारांच्या फळ्याला शोभेल ते. दोन-चार चारोळ्याही जुळवल्या.

मैदान गावाबाहेर शाळेच्या पाठीमागे होतं. मधोमध मातीचा हौद. त्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती आधीच खेळवून मऊ केलेली. भोवती बांबूचं कुंपण, एका बाजूला पुढाऱ्यांसाठी गाद्यांचं व्यासपीठ, आणि बाकी तिन्ही बाजूंना माणूस. खाली माणूस, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माणूस, शाळेच्या गच्चीवर माणूस, लिंबाच्या झाडावर पोरं. चैत्रातलं चार वाजताचं ऊन. हलगी, घुमकं आणि कैताळ यांनी असा काही ठेका धरला होता की शेजारच्याशी बोलायचं तर कानात बोलावं लागत होतं. निवेदकाचं टेबल व्यासपीठावर असेल असं मला वाटलं होतं. ते होतं हौदाला लागून, मातीतच, आणि त्याचा एक पाय आखूड होता.

ज्यांच्या बाजूला मला बसायचं होतं ते निवेदक, बापू, टेबलापाशी नव्हतेच. चिंचेखाली पैलवान कपडे बदलत होते, तिथं ते फिरत होते. साठीच्या पुढचे, पांढरी टोपी, कान दोन्ही मोडलेले. मातीत घासून घासून चपटे झालेले ते कान म्हणजे पैलवानाचं ओळखपत्र, हे मला नंतर कळलं. मी त्यांच्या मागून फिरायला लागले. एकेका पोरासमोर थांबायचे आणि विचारायचे: गाव कुठलं? तालीम कुठली? वस्ताद कोण? गेल्या सालाला कुठं खेळलास? कुणाबर पडलास? बा काय करतो? आई कुठली? करमाळ्याकडचा एक पोरगा होता, मिसरूड न फुटलेला. त्याचे वडील कारखान्याला ऊसतोडीला जातात, हंगामात पोरगा आजीजवळ राहून तालमीत जातो, दुधाचा रतीब मामा भरतो. बापूंनी हे सगळं तोंडानं काढून घेतलं आणि कागदावर एक अक्षर लिहिलं नाही.

माझी विद्यार्थिनी तिच्या वस्तादांबरोबर एका बाजूला उभी होती. तिलाही तेच प्रश्न. मी तिला वर्षभर शिकवत होते. ती पहाटे नीरेच्या कालव्याच्या कडेनं पळते आणि मग दोन एसट्या बदलून माझ्या पहिल्या तासाला येते, हे मला त्या दिवशी बापूंच्या प्रश्नामुळे कळलं.

टेबलावर आल्यावर बापूंनी माझी वही हातात घेतली, चाळली, जाडी बोटांनी मोजली आणि म्हणाले, "बरी हाय." मग वाकून ती टेबलाच्या आखूड पायाखाली सारली. ॲम्प्लिफायर हलायचा थांबला.

सुरुवातीला लहान पोरांच्या कुस्त्या. शंभर रुपयांची, दोनशेची, एखादी नुसत्या नारळावरची. इथं गोंधळ असा की एकाच वेळी हौदात तीन-तीन जोडी चाललेल्या आणि टेबलावर चिठ्ठ्यांचा पाऊस. अमुक पाव्हण्यांकडून पाचशे एक. तमुक मित्रमंडळाकडून हजार. कुणाच्या सत्काराची चिठ्ठी, कुणाच्या हरवलेल्या किल्ल्यांची. माझ्या सूत्रसंचालकाच्या मनाला हा निव्वळ व्यत्यय वाटत होता. कार्यक्रम चालू असताना मध्येच देणगीदारांची यादी कोण वाचतं? बापू मात्र प्रत्येक चिठ्ठी नीट घडी उघडून वाचत, दगडाखाली ठेवत, आणि जोड लागून दोघं नुसते हाताला हात लावत उभे असले की त्यातली एक काढून माइकवर सांगत. नाव, गाव, रक्कम. घाई नाही, वगळणं नाही. एक चिठ्ठी माझ्याकडून खाली राहिली, तर ती देणारे आजोबा कुंपणापाशी येऊन माझ्याकडे एकटक बघत उभे राहिले. बापूंनी चिठ्ठी उचलली, आजोबांचं नाव घेतलं, आणि त्यांच्या थोरल्या भावानं याच हौदात कधी काळी कुस्ती मारली होती तेही जोडलं. आजोबा जाऊन बसले. मग मला हिशेब लागायला लागला. हे मैदान तिकिटावर चालत नाही. ते या चिठ्ठ्यांवर चालतं, आणि चिठ्ठी देणाऱ्याला बदल्यात मिळतं ते फक्त एकदा, कर्ण्यातून, पाव्हण्यारावळ्यांच्या देखत उच्चारलेलं नाव. ते नीट उच्चारणं हेही निवेदकाचंच काम.

मुलींच्या कुस्त्या आल्या तशी बापूंनी माइक माझ्याकडे सरकवला. "नाव, गाव, तालीम, वस्ताद. दोघींचं सारखं सांगा. आपली कोण, परकी कोण, आवाजात दिसू द्यायचं न्हाय."

तेवढं मी नीट केलं. सलामी झाली, हात मिळाले, पंचांनी शिट्टी दिली. आता डाव पडणार आणि मी त्याचं नाव सांगणार, अशी तोंड उघडून मी तयार. पण डाव काही पडेना. दोघी डोक्याला डोकं लावून, एकमेकींच्या मानेवर हात ठेवून उभ्या. हात झटकला, परत ठेवला. एक पाऊल पुढं, एक मागं. याला खडाखडी म्हणतात हे मी वहीत लिहिलं होतं. खडाखडी चालू असताना माणसानं बोलायचं काय, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. कर्ण्यातून माझाच श्वास ऐकू यायला लागला. मी म्हणाले, "अतिशय सुंदर कुस्ती!" दोघी तशाच उभ्या. मी म्हणाले, "अतिशय चुरशीची लढत!" लिंबावरची पोरं खिदळली. पाठ केलेलं सगळं वापरून झालं तरी घड्याळात मिनिटसुद्धा झालं नव्हतं.

बापू माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हातं सोडा. पायाकडं बगा."

पायाकडे बघितलं. पाहुण्या मुलीचा उजवा पाय इंच-इंच पुढं सरकत होता. टाच मातीला नव्हती. माझ्या पोरीचे दोन्ही पाय मात्र सरळ रेषेत, जड. बापू माइकपासून तोंड लांब ठेवून हळूच पुटपुटले, "आता ती पट घेणार." आणि खरंच, पुढच्या क्षणाला ती खाली घुसली, डाव्या पायाला मिठी, एकेरी पट, माझी पोरगी गुडघ्यावर, पाठीमागून कब्जा. हे सगळं घडून गेलं तेव्हा मी माइकवर नव्हतेच. मी नुसती बघत होते. त्याच्यानं काही बिघडलंही नाही. मैदानानं एका आवाजात हाय केलं होतं, हलगी चढली होती, माझा शब्द कुणाला ऐकूही आला नसता.

पुढं बराच वेळ माझी पोरगी खाली पोटावर पडून होती आणि वरची तिला उलटवायला बघत होती. शेवटी घिस्सा बसला. पाठ लागली. पाठीची लाल माती झटकत ती उठली तेव्हा लोक जिंकलेलीकडे धावले. बापूंनी माइक ओढून घेतला. आधी जिंकलेलीचं नाव, गाव, डावाचं नाव, खड्या आवाजात, दोनदा. मग आवाज खाली आणून ते हरलेलीबद्दल बोलायला लागले. पहाटे कालव्याच्या कडेनं पळणं, दोन एसट्या, कॉलेज, संध्याकाळची तालीम, घरातली दोन म्हशींची धार. "अशी पोरगी तुमच्या घरात हाय का बगा, आन् नसंल तर हिला शंभर रुपये द्या." चिठ्ठ्या यायला लागल्या. जिंकलेलीच्या इनामाच्या जवळपास जाईल एवढी रक्कम झाली. चिंचेखालच्या चौकशीचा उपयोग काय ते तेव्हा कळलं. जिंकणाऱ्याची ओळख करून द्यायला फारशी माहिती लागत नाही, पडलेल्याला मातीतून उठवायला मात्र लागते.

दिवे लागले. मोठ्या कुस्त्या. दोन नंबरची कुस्ती ज्यांची होती ते दोघंही भारी, दोघंही नावाजलेले, आणि दोघांनाही हरणं परवडणारं नव्हतं. मग जे व्हायचं तेच झालं. हात झटकणं, मागं सरणं, कुंपणापर्यंत जाणं, पंचांनी परत मध्ये आणणं. दहा मिनिटं. पंधरा मिनिटं. लोक आधी "लाव, लाव" म्हणून ओरडले, मग शिट्ट्या, मग एक पाण्याची बाटली हौदात. व्यासपीठावरून एक जण टेबलाशी आला आणि बापूंना म्हणाला, जरा चिथवा की त्यांना. मी नंतर इतर मैदानं पाहिली तेव्हा असं चिथवणारे निवेदकही ऐकले. "झोपला का रं पैलवान" म्हणून पब्लिकला हसवणारे. मला ते आवडत नाहीत. हौदात उतरलेला माणूस तुमच्या विनोदाचं सामान नसतो.

बापूंनी चिथवलं नाही. ते खाली बोलायला लागले. खाली म्हणजे इतकं खाली की लोकांना ओरडणं थांबवल्याशिवाय ऐकू येईना. त्यांनी 1977 सालचं बेळगाव काढलं. हरिश्चंद्र बिराजदार आणि दिल्लीचा सतपाल. कोण कुठला, कुणाचा पट्ठा, बिराजदारांनी 1969 ला महाराष्ट्र केसरी कशी मारली, 1970 ला एडिंबराहून राष्ट्रकुलचं सुवर्ण कसं आणलं. सांगता सांगता एकदम आताच्या हौदात यायचे: "निळ्या लांगेच्या पैलवानानं मनगट धरलंय, सोडलं... परत धरलं." हे वाक्य कुणासाठी होतं ते मी मान वळवून बघितलं. ट्रॉलीच्या मागं, उंच माणसांच्या पाठीआड, तीन-चार म्हातारे बसकण मारून बसले होते. त्यांना हौद दिसत नव्हता. पुन्हा बेळगाव. पुन्हा मनगट. मध्येच तांबड्या झबल्यातला पोरगा सापडल्याचं सांगितलं, त्याच्या आईला शाळेच्या दारात बोलावलं, आणि त्याच दमात "खांदा खाली गेला बगा" म्हणून परत कुस्तीवर. बेळगावात सतपाल पडायच्या आधीच इथला एक पैलवान बगलेतून आत शिरला. बापू वाक्य अर्धं टाकून थांबले. ढाक. दोनशे-अडीचशे पौंडांचा माणूस कमरेवरून फिरला आणि पाठीवर आला. माइकवर एक शब्द नाही. हलगी, शिट्ट्या, फेटे हवेत, हौदात शिरलेली माणसं. पंचांनी हात वर केला तेव्हा कुठं बापू बोलले.

हे मला उलटं वाटत होतं. मी ज्याला निवेदनाचा क्षण समजत होते, तिथं हा माणूस गप्प. आणि जिथं सांगण्यासारखं काही नव्हतं, तिथं वीस मिनिटं त्याचं तोंड बंद नव्हतं.

रात्री एका पाव्हण्याच्या जीपमधून बारामतीला परतलो. निमगाव केतकीत बापूंनी पान घेतलं. तिथल्या पानमळ्यांचं पान सोडून दुसरं खायचं नाही, असा त्यांचा नेम. बेलवाडीवरून जाताना ते म्हणाले, आषाढात हितं तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण लागतं, अश्व धावतो. "तितं निवेदक लागत न्हाय मॅडम. समद्यांला म्हाईत असतं कुटं बघायचं." मी विचारलं, मग कुस्तीत? तर म्हणाले, कुस्तीत नवं माणूस हाताकडं बघतं, आणि जुनं माणूस आपल्या गावच्या पैलवानाकडं. दोघांनाही कुस्ती दिसत नाही.

घरी येऊन लॉस एंजेलिसजवळ राहणाऱ्या भावाला फोन केला. तो तिथं बेसबॉलच्या नादी लागलाय. मला त्या खेळाचं एवढंच माहीत की एक जण चेंडू फेकतो, दुसरा दांडकं उगारतो, आणि बराच वेळ कुणीच काही करत नाही. भाऊ म्हणाला, तेच तर. मोसमात एकेका संघाचे 162 सामने, आणि प्रत्येक सामन्यात फेकणारा टोपी सारखी करतोय, माती उकरतोय, बाकीचे थुंकतायत. तो वेळ भरून काढणारा माणूस म्हणजे निवेदक. मग त्यानं मला विन स्कली या माणसाची गोष्ट सांगितली आणि रात्री जागून ऐकायला ध्वनिफिती पाठवल्या.

स्कली 1950 मध्ये डॉजर्स संघाच्या सामन्यांचं निवेदन करायला लागला आणि 2016 मध्ये थांबला. सदुसष्ट मोसम, एकच संघ. 1958 साली हा संघ न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनमधून लॉस एंजेलिसला आला आणि सुरुवातीला कोलिसियम नावाच्या प्रचंड स्टेडियममध्ये खेळला. ते ॲथलेटिक्स आणि अमेरिकन फुटबॉलसाठी बांधलेलं. लांबच्या रांगांतल्या प्रेक्षकाला चेंडू कुठं गेला हेच दिसायचं नाही. तेव्हा ट्रान्झिस्टर नुकते आले होते. लोक ते घेऊन मैदानात यायला लागले. तिकीट काढून सामन्याला यायचं, आणि कानाला रेडिओ लावून समोरचाच सामना स्कलीकडून ऐकायचा! त्याचा आवाज सबंध स्टेडियममधून हलका हलका उमटत राहायचा म्हणे. मला लगेच ट्रॉलीमागचे म्हातारे आठवले.

फितींमध्ये तो सहसा एकटा असतो. जोडीदार नाही, एकमेकांच्या विनोदावर हसणं नाही. समोरच्या फेकणाऱ्याचा बाप कोण, तो लहानपणी कुठं वाढला, हे सांगत असतो. चेंडू सुटला की गोष्ट तिथंच ठेवतो, चेंडूचं काय झालं ते सांगतो, आणि गोष्ट जिथं ठेवली होती तिथून उचलतो. इंग्रजी कळत नसतं तरी मी म्हटलं असतं की हा चिंचेखाली फिरून आलेला माणूस आहे. आणि 8 एप्रिल 1974 ची अटलांटातली फीत. हँक आरोननं 715 वा होम रन मारून बेब रूथचा विक्रम मोडला. स्कली चेंडू कुंपणापार गेल्याचं सांगतो आणि गप्प होतो. नुसती गर्दी आणि फटाके. एवढा वेळ की यंत्र बंद पडलं का म्हणून मी मोबाइल बघितला. मग परत येतो, आणि दक्षिणेकडच्या राज्यात एका काळ्या माणसासाठी सगळं मैदान उभं राहिलंय, याचा अर्थ काय, तेवढं थोडक्यात सांगतो.

याच्या उलट टोकाचा नमुनाही भावानंच सांगितला. पुढं अमेरिकेचा अध्यक्ष झालेला रोनाल्ड रेगन तरुणपणी आयोवातल्या डी मॉइन शहराच्या रेडिओवर बेसबॉलचं निवेदन करायचा, तेही मैदान न बघता. शिकागोहून तारेनं दोन-दोन शब्द यायचे, त्यावरून हा सामना रंगवायचा. एकदा तारच तुटली. बंद पडलंय म्हणून सांगावं तर ऐकणारे दुसरं केंद्र लावतील. मग त्यानं फलंदाजाला एकामागून एक चेंडू बाजूला मारायला लावले, तार जोडली जाईपर्यंत. हे त्याचा तोच पुढं रंगवून सांगायचा. मुलींच्या कुस्तीत माझी गत काहीशी अशीच होती. पण माझ्यासमोर चार हजार माणसं तीच कुस्ती बघत होती, त्यामुळे मला काही बनवताही येत नव्हतं.

आमच्या घरात निवेदन म्हणजे आकाशवाणी. वडील बाळ ज. पंडितांचं आणि वि. वि. करमरकरांचं मराठी धावतं वर्णन ऐकत ऑफिसला उशीर करायचे. त्याहून जुने लोक बॉबी तल्यारखानचं सांगायचे: मुंबईतल्या चौरंगी-पंचरंगी सामन्यांत दिवसभर एकटाच बोलणारा माणूस, दुसऱ्याबरोबर माइक वाटून घ्यायला तयार नसलेला. मीही त्यांच्यासारखंच करायला निघाले होते, आणि माझं गाडं तिथंच अडलं होतं. रेडिओवर ऐकणाऱ्याला काहीच दिसत नसतं, म्हणून सगळं सांगावं लागतं. मैदानात बहुतेकांना सगळं दिसत असतं, म्हणून जे दिसत नाही तेवढंच सांगायचं: पायाची टाच, वस्तादाचं नाव, ऊसतोडीला गेलेला बाप. त्यातून तल्यारखानला षटकं होती, चहापान होतं. कुस्तीत अशी हक्काची उसंत नाही. ती निवेदकानं स्वतः ओळखून काढायची.

हे सगळं इतकं पटलं की मी बापूंना गाठून सांगायचं ठरवलं. दरम्यान मी त्यांच्याबरोबर आणखी मैदानांना जायला लागले होते. बहुतेक वेळा टेबलावर चिठ्ठ्या लावायला, क्वचित मुलींच्या कुस्तीला बोलायला. भिगवणच्या बाजूच्या एका यात्रेत जोडी लागायला वेळ होता, तेव्हा मी त्यांना आरोनची फीत ऐकवली. इंग्रजी एक अक्षर कळत नसताना त्यांनी मोडक्या कानाला मोबाइल लावून ती पूर्ण ऐकली. गर्दीचा आवाज संपेपर्यंत.

"येवढा येळ गप?" ते म्हणाले.

मी मोठ्या उत्साहानं सांगितलं की तेच तर त्याचं मोठेपण. तुम्हीही ढाकेच्या वेळी थांबला होतात.

"मी थांबलो कारन हलगी हुती. आन् पंचाचा हात वर आल्या आल्या बोललो. आपल्यात गप बसून भागत न्हाय, ताई. पाठ लागली का न्हाय यावर निम्मं गाव हिकडं आन् निम्मं तिकडं असतंय. निकाल पयला कर्ण्यातनं ऐकू आला पायजे. त्याला उशीर झाला की लोक हौदात उतरत्यात." मग जरा थांबून म्हणाले, "त्येचा चेंडू कुंपणाभाईर गेलावता. तितं कुनाला भांडायला जागाच न्हवती."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. 2023 च्या जानेवारीत पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत बाहेरच्या टांगेला चार गुण दिले ते बरोबर का चूक, यावर अख्खा महाराष्ट्र किती दिवस भांडला, ते मीही वाचलं होतं. ती मातीवरचीच, पण कॅमेरे लावून झालेली कुस्ती. गावच्या मैदानात तर पंचाचा डोळा आणि निवेदकाचा आवाज एवढंच.

"बाकी माणूस चांगला हाय," बापू मोबाइल परत देत म्हणाले. "घाई न्हाय त्येला. तुम्हाला लई घाई. आन् ते 'अतिशय' कमी करा. परवा मोजलं मी. नऊ येळा."

मी मान डोलावली. समोर पंच हौदाची पूजा करत होते, हलगीवाले हलग्या शेकोटीवर तापवत होते.

"किती वर्सं केलं म्हनला त्येनं?"

"सदुसष्ट."

बापूंनी टोपी काढून डोकं खाजवलं, परत घातली. "मग मानधन बरं आसंल," असं म्हणून चिंच शोधायला निघाले. या गावात चिंच नव्हती. पैलवान पाण्याच्या टाकीखाली कपडे बदलत होते.